थेंबातला काळा डोळा

४ जानेवारी

भिंगरीबाई,

आशीर्वाद घे आणि आधी कान पकड. नोकरीला जाऊन पाच आठवडे झाले आणि पत्र आलं एक. तेही एवढंसं, की सुईबाईने चष्मा पुसून नाकावर ठेवला आणि पत्र संपलंच. फोन करतेस हे खरं, पण माझ्या कानांनी संप पुकारलाय. फोनवर तू मला घशात काटा अडकलेल्या मांजरासारखी ऐकू येतेस. तेव्हा पत्रच लिही. मी बोलते, समोरच्या दारातली सुईबाई लिहिते, तुझं आलं की वाचून दाखवते, हे आपलं ठरलेलं आहे.

(‘मी बोलते’ म्हणजे काय ते कळावं म्हणून सांगते: पाऊण तास झाला. यात शेजारच्या मांजरीची तब्येतही होती, ती मी गाळली. – सुई)

लोक विचारतात, नात काय करते? मी सांगते, तेल मोजते. ते विचारतात, किती लिटर? मी म्हणते, ते तिलाच माहीत, मला मोजून देत नाही. तेव्हा तू तिथे नक्की काय करतेस ते एकदा नीट सांग, म्हणजे मला जरा ठसक्यात सांगता येईल.

आणि एक मागणं आहे. तुझं पत्र सुईबाई वाचते तेव्हा ते आधी तिचं होतं, मग माझ्याकडे येतं. मला माझी मी वाचीन असं काहीतरी पाठव. चित्र मात्र नको. तुझी गाय आणि तुझी खुर्ची मला कायम सारखीच दिसत आली.

तुझी आजी

१० जानेवारी

आजी, नमस्कार. सुईमावशींनाही.

कान पकडला. एकच, कारण दुसऱ्या हातात पेन आहे.

काम सांगते. जमिनीतून निघालेलं कच्चं तेल काळं असतं. त्यात एक जड, डांबरासारखा भाग विरघळलेला असतो, त्याला अस्फाल्टीन म्हणतात. तो तेलात गुण्यागोविंदाने राहतो तोवर त्याचा कोणाला पत्ताही लागत नाही. पण त्यात काही पातळ मिसळलं की तो रुसतो, तेल सोडून बाहेर पडतो आणि नळांच्या आत असा चिकटतो, की छिन्नीने खरवडावा लागतो. किती पातळ मिसळेपर्यंत तो विरघळून राहील, हे मोजणं माझं काम. थोडंथोडं मिसळायचं, अर्धा तास कोमट ठेवायचं, मग काचेच्या कांडीने एक थेंब गाळणकागदावर सोडायचा. थेंब सगळीकडे सारखा पसरला तर सगळं विरघळलेलं आहे. मधे गडद ठिपका उरला तर गाळ बाहेर पडू लागलाय.

इथे जुन्या विहिरीचं जाड तेल आणि नव्या विहिरीचं पातळ तेल एका मोठ्या टाकीत एकत्र करायचंय. ते जमेल का, हे मी तपासलं आणि ‘जमेल’ असा दाखला दिला. खाली सही माझी, एकटीची! सोळा फेब्रुवारीला टाकी भरणार. ते सुरळीत झालं की आमच्या मोठ्या बाई मला नोकरीत पक्की करणार आहेत.

तुला वाचायला त्याच मिश्रणाचा थेंब पाठवतेय. तपासणीचा कागद फाइलमध्ये जातो, म्हणून बाटलीत उरलं होतं त्यातून हा खास तुझ्यासाठी टाकला.

तुझी भिंगरी

१६ जानेवारी

भिंगरीबाई,

पत्र वाचलं. मी स्वतः, सुईबाईच्या आधी. गोल आहे, तपकिरी आहे, कडेला जरा फिकट होत गेलंय आणि मधे काही लपवलेलं नाही. इतकं सरळ पत्र मला आजवर कोणी लिहिलं नव्हतं, तुझ्या आजोबांनी तर नाहीच.

खळ लावून कपाटाच्या दारावर चिकटवलंय. तळमजल्यावरचे कारकून आले होते. म्हणाले, “चहा सांडला वाटतं.” मी म्हटलं, “पत्र आहे. नातीचं.” ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले, मग माझ्याकडे बघितलं, आणि तेव्हापासून जिन्यात भेटले की माझ्याशी फार सावकाश बोलतात.

एक विचारते. तुम्हाला अर्ध्या तासात कळतं? आम्ही रंगखात्यात होतो तेव्हा हौदात रंग कालवला की दिवसभर त्याला हात लावायचा नाही, असा नियम होता. रंग काय आणि जावई काय, पहिल्या दिवशी सगळेच विरघळलेले दिसतात. सुईबाईही होती तेव्हा माझ्याबरोबर, त्याच हौदावर. मग तिने ते काम सोडलं आणि शिवण धरलं.

(सोडलं नाही. मला काढलं. इतकी वर्षं ही असंच सांगते. – सुई)

तुझी ती मोठी बाई हसते का? आणि तिथे नुसतं तेलच आहे, की दोन पायांचं काही विरघळण्याजोगंही आहे? मी आपली सहज विचारते. थेंब पाठवत जा. कपाटाला दुसरंही दार आहे.

तुझी आजी

२७ जानेवारी

आजी,

फार घाईत लिहितेय. मोठ्या बाई हसतात, पण वजनकाट्याकडे बघून. माझा दाखला त्यांनी त्यांच्या वरच्या साहेबांना दाखवला, “सहा आठवड्यांत मुलगी तयार झाली” म्हणाल्या. दोन पायांचं म्हणशील तर एक टाकीवाले काका आहेत. मी दिसले की विचारतात, “काय डॉक्टरीणबाई, आमच्या टाकीची नाडी कशी आहे?” फार जुळवाजुळव करण्याआधी ऐक: ते या वर्षी निवृत्त होणार आहेत आणि त्यांना चार नातवंडं आहेत.

अर्ध्या तासाचा नियम माझा नाही, पुस्तकातला आहे. सगळीकडे तोच पाळतात. तू त्यात नाक खुपसू नकोस.

हा घे दुसरा थेंब. नव्याने मिसळायला वेळ नव्हता. तीच बाटली खिडकीत पडली होती, तिच्यात कांडी बुडवून टाकला आणि ओला असतानाच वर्तमानपत्रात गुंडाळला, डाक निघत होती. बाकी सगळं ठीक.

भिंगरी

२ फेब्रुवारी

भिंगरीबाई,

तुझी अक्षरं म्हणतात ‘सगळं ठीक’. तुझा थेंब म्हणतो ‘कसलं ठीक?’ एकाच पाकिटातून दोन साक्षीदार आले आणि दोघांची जबानी वेगळी. मी कोणावर विश्वास ठेवू?

दुसरा कागद पहिल्याशेजारी लावला. पहिला शांत आहे. दुसऱ्याच्या मधोमध काळा डोळा उघडलाय, चांगला मसुरीच्या दाण्याएवढा. मी कपाट उघडायला गेले की तो माझ्याकडे बघतो. सुईबाई म्हणाली, वर्तमानपत्राची शाई लागली असेल. मी म्हटलं, शाई असती तर अक्षरं उमटली असती. अक्षरं मला वाचता येत नाहीत, पण दिसतात.

(हे मात्र खरं. मी भिंग लावून पाहिलं. शाई नाही. – सुई)

तेव्हा खरं सांग. तेल बदललंस की कांडी धुतली नव्हतीस? मी तर म्हणते, ताजं सगळं टाकीला आणि शिळंपाकं आजीला, असा तुझा हिशेब दिसतो. घाईच्या माणसाने धुतलेलं भांडं मी पुन्हा धुऊन घेते, हे तुला माहीत आहे. पुढचा थेंब नीट पाठव, नाहीतर तुझ्या मोठ्या बाईलाच दोन्ही कागद पाठवून देते. हसेल तरी.

तुझी आजी

७ फेब्रुवारी

आजी,

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि डबा तसाच उघडा ठेवून खिडकीकडे गेले. बाटली आडवी केली. तेल एका बाजूला सरकलं, पण तळाशी एक काळा थर तसाच राहिला, काचेला धरून. कांडी धुतलेली होती, आजी.

न मिसळलेली दोन्ही तेलंही त्याच खिडकीत होती. ती स्वच्छ आहेत. म्हणजे दोष उन्हाचा नाही, खिडकीचा नाही. दोघं एकत्र आल्यावरच हे झालंय, फक्त सावकाश. अर्ध्या तासात जे दिसत नाही ते तीन आठवड्यांत दिसतं. आणि मी पुन्हा बघितलंच नाही. थेंब मी टाकला, पण वाचला तू एकटीने.

आता पुढचं. हे इथे कोणालाच माहीत नाही. पुस्तकाप्रमाणे माझा दाखला बरोबरच आहे. टाकी भरली आणि महिन्याभराने नळ बुजले, तर माझ्याकडे कोणी बोट दाखवणार नाही. सगळे म्हणतील, टाकी नीट धुतली नव्हती, जुना गाळ आत राहिला. आणि टाकी धुण्याची जबाबदारी काकांची आहे. मी गप्प बसले तर मी पक्की होते आणि ते निवृत्तीच्या वर्षी डाग घेऊन घरी जातात. मी बोलले तर माझी पहिलीच सही चुकीची निघते, मोठ्या बाईंची मान खाली जाते आणि मला घरी पाठवायला त्यांना एक कागद पुरतो.

सोळाला टाकी भरणार आहे. उत्तर तातडीच्या डाकेने पाठव. आणि या वेळी चिडवू नकोस.

भिंगरी

१० फेब्रुवारी

भिंगरीबाई,

चिडवू नकोस म्हणतेस, म्हणजे माझं निम्मं पत्र इथेच संपलं. उरलेलं निम्मं ऐक. सुईबाई, तू थांबू नकोस, कंसात शिरू नकोस, मी बोलेन तसं लिहीत जा.

मी एकोणीस वर्षांची होते. रंगखात्यात एका हौदावर आम्ही दोघी असायचो. त्या दिवशी मला घरी लवकर जायचं होतं. कशासाठी, ते आता आठवतही नाही, इतकं ते महत्त्वाचं होतं. माझी जोडीदारीण पाणी आणायला गेली होती. रंग अजून बसला नव्हता आणि मी कापड आत सोडलं. वरून काही कळत नव्हतं, रंग छान दिसत होता. चाळीस तागे ठिपक्याठिपक्यांचे निघाले.

सकाळी मुकादमाने दोघींना उभं केलं. कापड कोणी सोडलं? ती म्हणाली, मी नाही. मी काहीच म्हटलं नाही. मी खोटं बोलले नाही, हे मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आले. खोटं बोलायला तोंड उघडावं लागतं, मी तेवढेही कष्ट घेतले नाहीत. मी मुकादमाच्या भावाच्या ओळखीने लागले होते. मुकादमाला दोषी ठरवायला दोघींतली एक हवी होती, त्याने तिला काढलं.

दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं. मग म्हटलं, तिचा राग जरा उतरू दे. मग तिचं लग्न होऊ दे. मग तिचं बरं चाललंय, आता कशाला? दिवस जातात तसं सांगणं सोपं होईल असं वाटतं. होत नाही. घट्ट होत जातं.

त्या बाईचं नाव मी सांगत नाही. ती लिहितेय.

(इथे मी पेन खाली ठेवलं. ती समोर बसून होती, मीही बसून होते. चहा गार झाला. तुला सोळाच्या आत मिळायला हवं, म्हणून पत्र टपालात टाकतेय.)

१५ फेब्रुवारी

आजी,

तुझं पत्र काल संध्याकाळी आलं. आणि मी मोठ्या बाईंना परवाच सगळं सांगून टाकलं होतं.

झालं असं. परवा सकाळी टाकीवाले काका टाकीतून बाहेर आले, कोपरापर्यंत काळे. मला बघून म्हणाले, “डॉक्टरीणबाई, घासून घासून नखं गेली. आता या टाकीत गाळ सापडला तर माझं नाव बदला.” आणि हसले. मी तिथून निघाले ती थेट वर बाईंच्या खोलीत, आणि बाटली त्यांच्या टेबलावर आडवी केली.

बाईंनी बाटली उचलून तळ उजेडात धरला. मग विचारलं, “कधी दिसलं?” मी तारीख सांगितली. “मग सहा दिवस काय करत होतीस?”

टाकी भरणं थांबवलंय. माझा दाखला रद्द झाला. पक्की होणं सहा महिने लांबलं. आणि यापुढे प्रत्येक मिश्रणाची एक बाटली महिनाभर ठेवून रोज तिचा थेंब बघायचा, असा नवा नियम निघालाय. तो पाळायची माळ अर्थात माझ्याच गळ्यात. नोंदवहीत ‘गाळ प्रथम कोणी पाहिला’ असा एक रकाना असतो. मी ‘आजी’ लिहिलं. बाईंनी वाचलं, माझ्याकडे बघितलं, आणि खोडलं नाही.

पण आजी, म्हणजे ते सगळं तू माझ्यासाठी सांगितलंस आणि तोवर मला त्याची गरजच उरली नव्हती. मला फार वाईट वाटतंय. मी तुला लिहिण्याआधी, सातलाच बाईंकडे गेले असते तर! सुईमावशी कशा आहेत? आणि हे पत्र तुला कोण वाचून दाखवतंय?

भिंगरी

२३ फेब्रुवारी

कु. भिंगरी यांस,

आपल्या आजींच्या तोंडी सूचनेनुसार कळविण्यात येते की, आपले दि. १५ चे पत्र प्राप्त झाले व अधोस्वाक्षरीकर्त्याने ते त्यांना मोठ्या आवाजात वाचून दाखविले. त्यातील मजकुराने आजींना समाधान वाटले. (त्यांचे मूळ शब्द निराळे होते. ते लेखी देणे उचित वाटले नाही.)

समोरील बाईंचे दार गेले तेरा दिवस बंद असून येता-जाता त्या आजींकडे पाहत नाहीत. आजी रोज सकाळी त्या दारासमोर जिन्यात खुर्ची टाकून बसतात. यामुळे रहदारीस अडथळा होतो ही बाब निदर्शनास आणून दिली असता, “तुम्ही उडी मारून जा, पाय लांब आहेत,” असे उत्तर मिळाले. त्यानुसार मी जात आहे.

आपण व्यक्त केलेल्या खेदासंदर्भात आजींचे म्हणणे पुढीलप्रमाणे आहे: ‘तुला गरज उरली नव्हती हे खरं, पण गरज तुझी नव्हतीच.’ हे वाक्य त्यांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतले व त्यातील एकही शब्द बदलू दिला नाही.

कळावे.

आपला,
तळमजल्यावरील कारकून

११ मार्च

भिंगरी,

तू मला वेगळं लिहिलेलं पत्र मिळालं. हे त्याचं उत्तर. तुझी आजी या क्षणी माझ्या शेजारी बसून तुला पत्र सांगतेय, आणि मी ते लिहून घेतेय असा तिचा समज आहे. मी घेत नाहीये. ती बोलतेय तेवढ्या वेळात मी माझं उरकते.

आत्ता ती सांगतेय की तिचा गुडघा उत्तम आहे. नाही. सुजून भोपळा झालाय. गार जिन्यात रोज बसल्यावर दुसरं काय होणार? परवा तिला खुर्चीतून उठताच येईना आणि कारकून तिच्यावरून उडी मारायच्या बेतात होते. दोघांची हाडं मोडली असती, म्हणून मी दार उघडलं. आत घेतलं, शेक दिला. बोलले मात्र नाही.

तू विचारलंस, मला आधीपासून संशय होता का. नव्हता. त्रेपन्न वर्षं मी त्या मुकादमाला शिव्या घातल्या, तो मेल्यावरही घातल्या. त्यातल्या निम्म्या चुकीच्या पत्त्यावर गेल्या. त्याचं काही नाही, तो होताच तसा. पण मला काढलं तेव्हा माझ्या आईला वाटलं, चूक माझीच. तिने दोन महिने माझ्याशी बोलणं टाकलं होतं. पुढे बोलायला लागली, पण शेवटपर्यंत तिला तसंच वाटत राहिलं. ते आता कोण कोणाला जाऊन सांगणार? हे मी तुझ्या आजीला अजून बोलून दाखवलेलं नाही. दाखवणार आहे. तिला ते ऐकावं लागेल, आणि मोठ्या आवाजात, कारण कान गेलेत.

आणखी एक आठवत राहतं. मी शिवण सुरू केलं तेव्हा पहिली दोन वर्षं माझं गिऱ्हाईक म्हणजे ही एकटी. दर आठवड्याला काहीतरी उसवलेलं घेऊन यायची. मला नवल वाटायचं, या बाईच्या घरात शिवणी टिकत कशा नाहीत? काल पुन्हा शेक देता देता विचारलं. तिच्याशी बोललेलं ते माझं पहिलं वाक्य. म्हणाली, “मीच उसवायची. ब्लेडने.” मी म्हटलं, “तोंड उघडलं असतंस तर ब्लेडं वाचली असती.” ती हसली. मी हसले नाही. थोडी हसले.

आता ती म्हणतेय, “लिही, तुझ्या मोठ्या बाईला म्हणावं, माझ्या नातीने स्वतःची चूक स्वतः टेबलावर नेऊन ठेवली. अशी माणसं सहा महिने टांगून ठेवली तर दुसरा कोणी पळवून नेईल.” हे मी जसंच्या तसं लिहिलं, कारण मला पटलं.

आत्ता तिने वाकून कागद बघितला. म्हणाली, “ओळी जास्त झाल्यात. मी एवढं बोलले नाही.”

मी म्हटलं, “तुझी बडबड कागदावर पसरते.”

मग ती गुडघा चोळू लागली. चोळता चोळता माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, “लिही, सुईने मला माफ केलं.”

हे मी तिचं बोलणं म्हणून लिहिलंय, माझं म्हणून नाही. ते खरं होईल तेव्हा मी तुला आपण होऊन कळवीन. आज नाही.

“लिहिलंस का?” ती विचारतेय.

“लिहितेय,” मी म्हटलं. “बस जरा.”

सुई